रंधा नीट चालत नाही म्हणून दुसरा रंधा घ्यायचा का?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या पेटीत एक लाकडी रंधा, दोन-तीन पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या), लाकूड तासायचा वाकस आणि भोकं पाडायचा सामता सापडला, त्यातून नाद लागला, मग ऑनलाईन चार नंबरचा (मधल्या मापाचा) लोखंडी रंधा आणि पटाश्यांचा सेट आला. आता तो रंधा सागवानावर थरथरतो, टवके काढतो, मध्येच अडकतो. आणि तोपर्यंत विशलिस्टमध्ये पाच नंबरचा जास्त लांब रंधा, एक लो-अँगल (कमी कोनात पातं बसवलेला) रंधा, जपानी करवत असं बरंच साठलंय. बडोद्याला कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, काम करायला मागची बाल्कनी, आणि खालच्या मजल्यावर आवाजाची तक्रार करणारे शेजारी. पहिली वस्तू म्हणून कॉफी टेबल करायचं मनात आहे. तर आधी काय घ्यावं?

काहीच घेऊ नका. फार तर एक धारेचा दगड आणि दोन क्लॅम्प घ्या. बाकी विशलिस्ट तशीच राहू दे, कुठे पळून जात नाही.

मी हौशी नाही, याच्यावर पोट भरलंय. मकरपुऱ्याला फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये आयुष्य गेलं, म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्याचा जो लाकडी नमुना लागतो तो बनवण्यात. आमच्याकडची मोजपट्टी मुद्दाम खोटी असायची, कारण बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पट्टीवरचे १०० मिलिमीटर म्हणजे खरे १०१. अशा ठिकाणी काम केलेला माणूस पहिल्यांदा हत्याराची किंमत बघत नाही, हत्यार काय करतंय ते बघतो. तुमचा रंधा पण आपण तसाच बघू.

नवीन आलेल्या रंध्याचं पातं धारेचं नसतं. बॉक्सवर काहीही लिहिलेलं असू दे. ते फक्त ग्राइंड केलेलं असतं, धार तुम्ही लावायची असते, हे विकणारा सांगत नाही. पातं बाहेर काढा, आधी त्याची सपाट बाजू बघा. मशीनचे आडवे ओरखडे दिसतील. ते टोकाजवळच्या वीस-पंचवीस मिलिमीटरमध्ये पूर्ण जाईपर्यंत दगडावर सपाट घासायचं, पुढचं सगळं पातं आरशासारखं करायची गरज नाही, लोक उगाच दोन-दोन तास घालवतात. दगड नसेल तर आठ एमएमची काच आणि त्यावर पाण्याचा पॉलिश पेपर, २२० पासून सुरू करून ४००, ८००, १२०० आणि शेवटी २००० नंबर, एवढ्यावर उत्तम धार लागते. पण पेपर लवकर मरतो आणि हिशेब केला तर वर्षभरात दगडापेक्षा महाग पडतो, म्हणून एक दोन्ही बाजूंचा (एक भरड, एक बारीक) ऑईलस्टोन, म्हणजे धारेचा दगड, घेऊन टाका.

मग उतरती बाजू. पंचवीस अंशाचा उतार कंपनीने दिलेला असतो, त्याच्या अगदी टोकाला तीस अंशाची एक बारीक पट्टी काढायची, बस. कोन मोजायला काही लागत नाही. तीस अंशाला उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असते, पंचवीसला साधारण दोन पूर्णांक चार पट. पातं दोन मिलिमीटर जाड असेल तर पंचवीसचा उतार पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. पट्टी लावून बघा, कंपनीने खरंच पंचवीस दिलंय की नाही तेही कळेल. घासताना मागच्या सपाट बाजूला बोट आडवं फिरवून बघत राहायचं (धारेच्या लांबीने नाही हं, बोट जाईल). एक खरखरीत काठ हाताला लागतो, त्याला आम्ही बर म्हणतो. ही बर पूर्ण रुंदीभर लागली की मगच बारीक दगडाकडे जायचं, त्याआधी नाही. बहुतेकांची धार इथेच फसते, मधे बर आलेली असते, कोपऱ्यात नसते, आणि हा गडी पुढच्या दगडावर पोचलेला असतो. शेवटी सपाट बाजू दगडाला चिकटवून दोन-चार हलके हात मारून बर काढून टाकायची. पाइनच्या तुकड्याच्या टोकाच्या बाजूवर, म्हणजे जिथे लाकडाच्या रेषा तुटलेल्या असतात तिथे, पटाशी हाताने दाबून बघा. चकचकीत काप आला तर धार आहे, पांढरट चुरा झाला तर परत दगडावर. दंडावरचे केस भादरून बघणारे बघोत, मला ही टोकाची परीक्षा जास्त खरी वाटते.

आता रंधा अडकतो त्याचं कारण. पात्यावर जो दुसरा लोखंडी तुकडा स्क्रूने बसतो, चिपब्रेकर, तो पात्याला पुढच्या काठावर पूर्ण टेकलाय का बघा. दोन्ही एकत्र धरून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड आला की ढलप्या तिथेच घुसणार, कोंबल्या जाणार, आणि तुम्ही म्हणणार रंधा खराब आहे. चिपब्रेकरचा काठ दगडावर थोडा तिरका घासून ती फट घालवायची. मग बसवताना, साध्या कामाला धारेपासून एक मिलिमीटरभर मागे, आणि जिथे लाकूड उचकटतंय तिथे शक्य तेवढा जवळ, पाव-अर्धा मिलिमीटर. चिपब्रेकर असा जवळ आणला की ढलपी लगेच मोडते, तिला लाकूड पुढे फाडायला वेळच मिळत नाही. लो-अँगल रंध्याची जाहिरात तुम्ही ज्यासाठी वाचताय त्यातलं निम्मं काम या अर्ध्या मिलिमीटरमध्ये होतं, फुकट. आणि हो, तळाला साधी मेणबत्ती घासा, दोन रेघा पुरेत. रंधा एकदम हलका वाटायला लागतो.

एवढं करून पण थरथरला तर दोष फळीच्या पकडीत आहे. हे कोणी सांगत नाही कारण यात विकायला काही नाही. डायनिंग टेबलवर फळी ठेवून एका हाताने धरून दुसऱ्याने रंधा मारणं हे कामच नाही. आपले जुने सुतार जमिनीवर बसून पायाने फळी दाबून धरायचे, पुढे भिंतीला किंवा ठोकळ्याला टेकवायचे, आणि त्या बैठकीत त्यांनी दारं-खिडक्या केल्या. तुमचे गुडघे चालत असतील तर बाल्कनीत चटई टाकून तेच करा, मी चेष्टा करत नाहीये. नसेल जमत तर बेंच हवा, पण विकतचा नको.

बेंचचा माल आपल्याकडे सहज मिळतो. मांडवी, रावपुऱ्याकडची जुनी घरं पाडली की त्यांच्या दारांच्या चौकटी विकायला येतात, लातीवाला (लाकडाच्या वखारीचा मालक) त्याला बारसाख म्हणेल. चार बाय अडीच इंचाचे सागाचे उभे खांब, पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले, जे काय वाकायचं-पिळायचं ते होऊन गेलेलं. असे दोन खांब चार फुटांचे घ्या, कडेला कड लावून दोन आरपार बोल्टनी आवळा, झाला आठ इंच रुंद अडीच इंच जाड बेंचचा माथा. खाली जुन्या शिलाई मशीनचा स्टँड चालणार नाही, हलतो, चार जाड पाय आणि आडव्या पट्ट्या लावा आणि भिंतीला टेकवून ठेवा. उंची एवढी की सरळ उभं राहून हात खाली सोडला तर तळवा सपाट टेकला पाहिजे, बहुतेकांना ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटर. पुढच्या टोकाला एक पातळ लाकडी पट्टी स्क्रूने ठोका, फळीच्या जाडीपेक्षा बुटकी, फळी तिला टेकली की रंध्याच्या जोराने आपोआप धरली जाते. वाईस (लाकूड आवळून धरायचा शिकंजा) नंतर बघू. फक्त चौकटीवर रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवा आणि बिजागरीच्या जागा नीट तपासा. जुना खिळा आत मोडून बसलेला असतो, आणि आत्ताच एवढ्या मेहनतीने लावलेली धार त्याच्यावर गेली की तोंडातून काय येईल ते इथे लिहीत नाही.

टवक्यांचं अजून एक कारण आहे, दिशा. फळी कडेवरून बघा, रेषा सरळ जात नाहीत, कुठेतरी वरच्या पृष्ठभागाकडे चढत जातात. ज्या दिशेने चढतात त्याच दिशेने रंधा मारायचा. उलट गेलात की पातं रेषांच्या खाली घुसतं आणि उचकटतं. साग बराचसा सरळ असतो, पण गाठीजवळ दिशा उलटते, तिथे फळी फिरवून मारा. आंब्याच्या लाकडात तर रेषा एकमेकांत गुंतलेल्या, दोन इंचावर बदलतात, म्हणून सुरुवातीला आंबा स्वस्त दिसतो म्हणून घेऊ नका, हिरमुसाल. साग मात्र धार खातो हे लक्षात ठेवा. त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूच, त्यामुळे पाइनपेक्षा दुप्पट वेळा दगडाकडे जावं लागेल. पातं बोथट झालं हे हाताला आधी कळतं, ढकलायला जोर लागायला लागतो. त्या क्षणी थांबायचं, "एवढी फळी संपवू आणि मग" असं म्हणायचं नाही.

आता मुद्द्याचं, पहिली वस्तू काय करावी. तुम्ही कॉफी टेबल लिहिलंय. माझं ऐका, एक पाट करा. आपला जेवायला बसायचा पाट, अठरा इंच बाय बारा. सोपा वाटतो, पण त्यात सगळं येतं: फळी सपाट करणं, दोन फळ्या कडेला कड जोडणं, करवत, पटाशी, आणि लाकडाचा स्वभाव.

स्वभाव म्हणजे काय ते सांगतो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. आपल्या बडोद्यात मे महिन्यात हवा कोरडी ठक्क, लाकडातली ओल सहा-सात टक्क्यांवर येते, आणि ऑगस्टमध्ये तेच लाकूड चौदा-पंधरावर जातं. सागाच्या बारा इंची फळीत यामुळे तीनएक मिलिमीटरचा फरक पडतो, फळी कशी कापली आहे त्यावर थोडं कमी-जास्त. आणि सागाची ही कथा, तो तर सगळ्यात शहाणा. आता पाटाच्या खाली ज्या दोन आडव्या पट्ट्या असतात त्या रुंदीच्या दिशेने जातात, त्यांच्या लांबीत त्या हलणार नाहीत आणि वरची फळी हलणार. त्या पट्ट्या खिळ्यांनी किंवा फेविकॉलने पक्क्या केल्या की दोन उन्हाळ्यांत पाट मधोमध चिरतो, असे चिरलेले पाट तुमच्या घरी पण सापडतील. जुने चांगले पाट उलटे करून बघा, पट्टी फळीत एका खाचेत सरकवलेली असते, खाच आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, डोव्हटेलसारखी. पट्टी फळीला वाकू देत नाही पण फुगायला-आकसायला मोकळीक देते. आमच्या धंद्यात पण मोठ्या पॅटर्नच्या मागे अशाच पट्ट्या सरकवायचो.

बारा इंची सलग फळी महाग पडेल, सहा-सहाच्या दोन घ्या. लातीत गेल्यावर भाव घनफुटाचा असतो, वलसाडी साग, सीपी साग, बाहेरचा साग असे प्रकार आणि भाव वेगवेगळे सांगतील. तुम्हाला एवढ्याशा कामाला कापून उरलेले तुकडे मागायचे, बेनसाच्या (लाकूड चिरायच्या पट्टा-करवतीच्या) मागे पडलेले असतात, कडेचं पांढरं लाकूड नको म्हणायचं कारण त्याला कीड लवकर लागते. आणून लगेच कापू नका, दोन-तीन आठवडे घरात उभं करून ठेवा, चारी बाजूंनी हवा लागेल असं.

जोडायच्या कडा करायला पाच नंबर लागतो असं वाचलं असेल. मोठ्या टेबलाला लागेल, अठरा इंचाला चार नंबर पुरतो. युक्ती अशी की दोन्ही फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींवर धरून क्लॅम्प करायच्या आणि दोन्ही कडांवर एकदम रंधा मारायचा. रंधा थोडा तिरका धरला गेला तरी एका कडेचा तिरकेपणा दुसरीच्या बरोबर उलट येतो, उघडून जोडल्या की सपाटच बसतात. मग एकीवर एक उभी ठेवून उजेड बघायचा. मधे केसभर उजेड चालेल, टोकाला नको. आणि सागाला फेविकॉल लावायचा तर रंधा मारल्यावर लगेच लावा, उद्यावर टाकू नका, सागात तेल असतं, ते वर आलं की पकड कमी होते. उशीर झालाच तर ॲसिटोनने पुसून मग.

खाचेचं बघा. फळी बावीस-पंचवीस मिलिमीटर जाड धरली तर खाच सात-आठपेक्षा खोल नको. गुण्याने (काटकोनाच्या पट्टीने) रेघा मारा, पेन्सिलीने नाही, चाकूने, कारण चाकूची रेघ करवतीला वाट दाखवते. करवत तिरकी धरायला एक ठोकळा करा, त्याची एक बाजू रंध्याने साधारण ऐंशी अंशाला उतरती करा, तो रेघेवर क्लॅम्प करून करवत त्याला टेकवून चालवा. दुसऱ्या बाजूला ठोकळा उलटा. मधलं लाकूड पटाशीने दोन्ही टोकांकडून मधे येत काढायचं, आरपार एका बाजूने गेलात तर पलीकडची कड फुटेल. तळ सारखा करायला खास रंधा मिळतो, पण एका ठोकळ्याला तिरकं भोक पाडून त्यात पाचर मारून अर्ध्या इंचाची पटाशी बसवली तरी तेच काम होतं. पट्टीच्या कडा त्याच उताराला रंधायच्या, फक्त तिला लांबीत अगदी थोडा निमुळतेपणा ठेवा, एका टोकाला मिलिमीटरभर कमी, आणि खाचही तशीच. मग पट्टी तीन-चतुर्थांश हाताने सरकते आणि शेवटचा तुकडा मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) दोन ठोक्यांत घट्ट बसतो. फेविकॉल नको. फारच वाटलं तर मधल्या एका इंचाला.

पहिली खाच ढिली होणार. करा दुसरी. लाकूड उरतं म्हणून तर तुकडे आणायला सांगितले.

जपानी करवतीचं. वाईट नाही, ओढताना कापते म्हणून पातं पातळ असतं आणि नवशिक्याची रेघ सरळ येते. पण हल्ली मिळणाऱ्या बहुतेकांचे दात इंडक्शनने कडक केलेले असतात, कानस त्यावर घसरते, म्हणजे बोथट झाली की पातं फेकायचं. सागावर ती लवकर बोथट होणार. आपली साधी हातकरवत तिधारी कानशीने पुन्हा पुन्हा घासता येते, आणि दात घासायला एकदा शिकलात की उभ्या कापाला पटाशीसारखे सरळ दात आणि आडव्या कापाला चाकूसारखे तिरके दात हा फरक बोटांना कळतो. म्हणून तुमची आहे ती करवत धारेची करा, तीच या पाटाला पुरेल.

आजोबांच्या पटाश्यांना हात लावायच्या आधी थांबा. गंज बघून ग्राइंडरवर घेऊन जायचा मोह होईल. जुन्या पटाश्यांचं पोलाद साधं कार्बनचं असतं, ग्राइंडरवर धार निळी पडली म्हणजे तीनशे अंशाच्या आसपास गेली, आणि निळ्या भागाचा कडकपणा गेला, तो भाग घासून संपेपर्यंत धार टिकणार नाही. हाताने करा, केरोसिन आणि बारीक पेपर, वेळ लागेल. गंजाचे खड्डे सपाट बाजूला धारेपर्यंत गेले असतील तेवढेच महत्त्वाचे, बाकी डाग असू देत. लाकडी रंध्याचा तळ वाकडा झाला असेल, पातं आत घेऊन पाचर घट्ट ठेवून मग दुसऱ्या रंध्याने तो सपाट करायचा, पाचर काढून केलात तर आवळल्यावर परत आकार बदलतो. सामता मात्र चालवून बघाच, बारीक भोकांना त्याच्यासारखं नियंत्रण ड्रिल मशीनला नाही. वाकस तिसऱ्या मजल्यावर राहू दे पेटीत.

लेथचा (लाकूड फिरवून घडवायच्या यंत्राचा) नाद कधीतरी लागेलच, सगळ्यांना लागतो. त्याआधी एखाद्या रविवारी संखेड्याला जाऊन या, पन्नासेक किलोमीटर. तिथले खरादी (लेथवर काम करणारे) लोक फिरत्या सागावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चिकटते, मग केवड्याच्या पानाने ती सारखी पसरवतात. फर्निचर घ्यायला नका जाऊ, हात बघायला जा, पटाशी कुठे टेकवतात आणि अंगठा कुठे असतो ते.

पाटाला अळशीचं तेल लावा, बॉईल्ड लिहिलेलं, कच्चं कित्येक दिवस वाळत नाही. पातळ हात, पंधरा मिनिटांनी पुसून काढायचा, दुसऱ्या दिवशी परत, असे तीन. स्पिरिट पॉलिश दिसायला छान पण गरम पातेलं टेकलं की पांढरा डाग. आणि तेलाची चिंधी गोळा करून डब्यात टाकायची नाही, ही गोष्ट गंभीरपणे घ्या, हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. बाल्कनीच्या कठड्यावर पसरून वाळवा, कडक झाली की मग कचऱ्यात.

राहिले खालचे शेजारी. रंधा आणि करवतीचा आवाज खाली जात नाही, जातो तो मोगरीचा ठोका. बेंचच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला आणि पटाशीचं ठोकायचं काम बेंचच्या पायाच्या बरोबर वर करा, मधे केलंत तर माथा उसळतो, ठोका वाया जातो आणि आवाजही वाढतो. वेळ म्हणाल तर संध्याकाळी पाच ते सात. दुपारी एक ते चार अख्खं बडोदं झोपतं, त्या वेळात फक्त दगडावर धार लावा.